शोधणाऱ्याच्या हातातील शब्द

आमच्या तालुक्याच्या गावी जे सार्वजनिक वाचनालय होते, त्याच्या ग्रंथपालांच्या मेजावर दोन वह्या नित्य असत. एक दाखल-वही, आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन त्याचे नाव, कर्ता, किंमत आणि देणगीदार यांची नोंद तीत होई, आणि वर्षअखेरीस तपासनीस आले म्हणजे तीच त्यांच्यापुढे ठेवली जाई. दुसरी वही कोणत्याही तपासनिसाने कधी मागितली नाही. ती व्यापाऱ्याच्या चोपडीसारखी लांबट, तांबड्या कापडी बांधणीची होती, आणि वाचकांनी उच्चारलेले शब्द, जसे उच्चारले तसेच, ग्रंथपाल तीत उतरून ठेवीत. ‘म्हातारा शेवटी विहीर खणतो ते’, ‘निळ्या पुठ्ठ्याचे, आईने लग्नाआधी वाचलेले’, ‘घोणस’, ‘काशीला पायी’, ‘मोहोर आला पण फळ धरले नाही’, ‘नांदणूक’ अशा नोंदी डाव्या अंगास असत, आणि उजव्या अंगास, त्या शब्दावरून कोणते पुस्तक हाती दिले त्याचा क्रमांक. लहानपणी मला तो एका शांत दुपारचा विरंगुळा वाटे. पुढे जुन्या कागदपत्रांच्या आणि कोशांच्या संगतीत आयुष्याचा बराच काळ गेला, तेव्हा कोठे ध्यानात आले की, विद्येच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण त्या चोपडीत बिनबोभाट लिहिले जात होते.

मनुष्य काही शोधावयास निघतो तेव्हा त्याच्या हातात एक शब्द असतो, आणि तो शब्द त्याच्या घरातला, त्याच्या गरजेतला, पुष्कळदा अर्धवट आठवणीतला असतो. ज्याने ज्ञान साठविले त्याने आपल्या कोठाराच्या दारांवर जे शब्द लिहिले ते मात्र त्याच्या शास्त्रातले, त्याच्या दप्तराच्या शिस्तीतले असतात. या दोन शब्दांची गाठ पडली तर कार्यसिद्धी होते, न पडली तर कोठार भरलेले असूनही आलेला रिक्तहस्त परत जातो. कोश, सूची, अनुक्रमणी, खतावणी ही सारी साधने या दोन शब्दांमधील अंतर तोडण्यासाठी मनुष्याने निर्माण केली, आणि आपल्याकडे हे अंतर कोणी, कोणत्या काळी, किती श्रमाने कमी केले याचा वृत्तांत एकदा सलग मांडावा, अशी इच्छा फार दिवस मनात होती.

अगदी प्राचीन काळी कोठार आणि किल्ली ही दोन्ही स्मरणातच असत. वेदांच्या ज्या अनुक्रमण्या आपल्या पूर्वजांनी रचल्या त्यांपैकी कात्यायनाची सर्वानुक्रमणी पाहावी: ऋग्वेदातील प्रत्येक सूक्ताचे प्रतीक, म्हणजे त्याच्या आरंभीचे शब्द, त्यातील ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद इतकी माहिती ती सूत्ररूपाने देते. ज्याच्या जिभेवर सूक्ताचा आरंभ आहे त्याला ही योजना निर्दोष होय. परंतु स्मृती ही नेहमी आरंभापासूनच जागी होते असे नाही. ज्याच्या मनात मधलाच एखादा शब्द घोळत आहे त्याने कोठून शिरावे? हीच अडचण फार पुढे, छापील गाथांच्या काळीही शिल्लक राहिली. १८७३ साली शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली, सरकारच्या द्रव्यसाहाय्याने, तुकोबांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडली, आणि मुद्रित गाथांबरोबर अभंगांच्या पहिल्या शब्दांची अकारादी सूची ही वाचकाच्या सवयीची वस्तू होत गेली. पण दिंडीत चालणाऱ्या मनुष्याच्या ओठांवर एखादे वेळी अभंगाचा तिसराच चरण येतो. तो काही सूची उघडीत नाही, शेजारच्या वारकऱ्याकडे पाहून तो चरण मोठ्याने म्हणतो, आणि शेजारचा तेथूनच धरून मागचे-पुढचे सगळे गाऊन दाखवितो. मधल्या शब्दावरून मूळ स्थळी पोहोचविणारी साधने विद्वानांनी सिद्ध करण्यापूर्वी कित्येक शतके ती सोय पंढरीच्या वाटेवर उपलब्ध होती.

अमरकोशाची घडण निराळी. तीन कांडांत विभागलेला आणि वर्गावर्गांनी रचलेला तो ग्रंथ पाठांतरासाठी छंदोबद्ध केलेला आहे, आणि त्यात शब्द शोधायचा म्हणजे तो शब्द कोणत्या कुळातला हे आधी ठाऊक पाहिजे. उदाहरणार्थ, चंदन हा वृक्ष आहे असे समजून कोणी भूमी, शैल आणि वनौषधी यांच्या वर्गांतून हिंडू लागला तर त्याची निराशा होईल; अमरसिंहाने चंदनाला कापूर, केशर, अगरू यांच्या पंक्तीस बसवून मनुष्यवर्गात, अंगाला लावावयाच्या सुगंधी द्रव्यांत घातले आहे. मिरी शोधणाऱ्याला ती झाडाझुडपांत न भेटता वैश्यवर्गात भेटते. या रचनेत एक संपूर्ण जगद्दर्शन आहे, आणि ज्याने लहानपणी कोश मुखोद्गत केला त्याला त्या जगात कोणतेही घर अनोळखी नसे. बाहेरून आलेल्याला मात्र तेथे दारावर पाटी नाही. शब्दाचे उत्तर पाहिजे असेल तर आधी उत्तर देणाऱ्याची जगाकडे पाहण्याची रीत शिकून घ्यावी, असा त्या काळचा दंडक होता.

सतराव्या शतकात महाराष्ट्रात जो एक अभिनव कोश झाला त्याने हा दंडक एका बाजूने पाळला आणि दुसऱ्या बाजूने मोडला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. रचना अमरकोशाच्याच वळणाची, दहा वर्गांची: राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग इत्यादी. परंतु कारकुनाच्या तोंडी असलेला फारसी शब्द धरून त्याला संस्कृत प्रतिशब्दाकडे न्यावे, हे त्याचे प्रयोजन होते. म्हणजे येथे कोशकाराने शोधणाऱ्याच्या हातातील शब्दापासून प्रवासाला आरंभ केला. मुजुमदार म्हणणाऱ्याला अमात्य, सुरनीस म्हणणाऱ्याला सचिव, डबीर म्हणणाऱ्याला सुमंत अशी ती वाट होती. राज्याची भाषा स्वतःची असावी हा त्यामागील हेतू थोर होता आणि त्याचा आदरच केला पाहिजे. तथापि लोकांनी संस्कृत शब्दांचा मान राखून आपले रोजचे शब्दही सोडले नाहीत. पुढे राज्याचा मुख्य कारभारी प्रधान असूनही पेशवा म्हणूनच सर्वतोमुखी झाला. जिभेवर बसलेला शब्द ही केवढी चिवट वस्तू आहे याचा हा दाखला, शोधसाधने रचणाऱ्या प्रत्येकाने दृष्टीपुढे ठेवावा असा आहे.

आता दप्तराकडे वळू. ‘दप्तर’ हा शब्दच दूरचा प्रवासी. ग्रीक भाषेत कातड्याला जे नाव होते ते लिहिण्याच्या चामड्यासाठी रूढ झाले, आणि इराणातून तो शब्द आपल्याकडे आला. पेशवाईच्या हुजूर दप्तरात लिहिण्याच्या दोन रीतींनी सगळे काम चाले. जे घडले ते त्या त्या दिवशी त्याच क्रमाने लिहावयाचे ते रोजकीर्दीत, आणि त्यातूनच प्रत्येक रक्कम आपापल्या खात्याखाली उचलून मांडावयाची ती खतावणीत. मला स्वतःला या जोडीत मोठे तत्त्व दिसते. रोजकीर्द काळाच्या क्रमाने चालते; तिला वाचक कोण येणार याची चिंता नाही. खतावणी लिहिणाऱ्याला मात्र उद्या कोणीतरी येऊन ‘अमुक देवस्थानाला काय दिले’, ‘अमुक पागेवर काय खर्च पडला’ असे विचारणार हे गृहीत धरावे लागते, आणि त्या अनागत मनुष्याच्या मुखातील शब्द आजच आपल्या पानाच्या माथ्यावर लिहून ठेवावा लागतो. गावोगावच्या पेढ्यांवर दिवेलागणीनंतर रोजकीर्दीवरून खतावणी उतरणारे जे मुनीम बसत असत, ते आपल्याकडील पहिले सूचीकार होत, असे म्हणण्यास मला प्रत्यवाय दिसत नाही.

१८१८ साली पेशव्यांचे राज्य गेले आणि दप्तर इंग्रजांच्या स्वाधीन झाले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले तेव्हा त्या अफाट कागदांना विचारावयाचा प्रश्न एकच होता: अमुक जमीन अमुकाने कोणत्या सनदेने खाल्ली? इनाम, वतन, सरंजाम या शब्दांच्या अनुरोधाने कागद तपासले गेले, आणि पुण्यात ज्या इमारतीत पुढे ते ठेवले तिचे नावसुद्धा इनामी जमिनींच्या खात्यावरूनच ‘एलियनेशन ऑफिस’ असे पडले. चौकोनी फडक्यांत, म्हणजे रुमालांत, बांधलेले हजारो गठ्ठे तेथे फळ्यांवर होते. शाहू दप्तर, पेशवे रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, चिटणिशी अशी त्यांची प्रकरणे होती. जमिनीचा हक्क विचारणाऱ्यासाठी ते मांडलेले होते. ज्याला लढाई पाहिजे, दुष्काळ पाहिजे, एखाद्या विधवेची फिर्याद पाहिजे किंवा शनिवारवाड्यातील कारंज्याचा खर्च पाहिजे, त्याचा शब्द कोणत्याच रुमालावर लिहिलेला नव्हता.

शिवाय त्या कागदांची भाषा. मोडी लिहिणारा कारकून आधी ओळभर शिरोरेषा ओढी आणि तिच्याखाली अक्षरांची माळ लावीत जाई. दोन शब्दांत अंतर सोडण्याची चाल नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ताडावयाचे; म्हणजे जो अर्थ शोधावयास आलो तो थोडा आधीच ठाऊक पाहिजे. तारखांचे तसेच. पानिपतचा घात १७६१ च्या १४ जानेवारीस झाला हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. पण १७६१ हा आकडा हाती घेऊन दप्तरात गेलेल्याला तो त्या साली लिहिलेल्या मराठी कागदावर सापडावयाचा नाही. तेथे ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले असेल, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून शुहूर सन ११६१. आणि त्या सनाचा आरंभ मृगापासून होत असल्यामुळे त्यात कधी ५९९ आणि कधी ६०० मिळवावे तेव्हा इसवी सन येतो. गावांची नावेही ठिकाणावर राहिलेली नसत. औरंगजेबाच्या आमदानीत साताऱ्याचा आझमतारा झाला, सिंहगडाचा बक्षिंदाबक्ष झाला, पुण्याला मुहियाबाद म्हटले गेले. ज्याला हे माहीत नाही त्याच्या डोळ्यांसमोरून त्याचे स्वतःचे गाव निघून जाते आणि त्याला ओळख पटत नाही.

पानिपतच्याच संबंधाने परंपरेने सांगितली जाणारी एक गोष्ट येथे आठवते. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले असता सावकारी पेढीचे एक पत्र त्यांच्या हाती आले आणि त्यावरून सर्वनाशाची वार्ता त्यांना कळली, असे म्हणतात. त्या पत्रात लढाई हा शब्द नव्हता, मृत्यू हा शब्द नव्हता. मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणती नाही, अशा आशयाचा तो सराफी मजकूर होता. एखाद्या परक्या शोधकाने तो कागद उलगडला असता तर जवाहिरखान्याच्या तोट्याखाली त्याची नोंद करून पुढे गेला असता. ज्याचा मुलगा आणि चुलतभाऊ रणात होता त्याला मोती कोण हे विचारावे लागले नाही.

हे दप्तर फार काळ विद्वानांना मुक्त नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने त्यातील रोजनिशांचे महत्त्व ओळखून ते लोकांपुढे मांडले, आणि गणेश चिमणाजी वाड यांनी केलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघू लागले. पण सामान्य शोधकाला दार बंदच होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मग दप्तराबाहेरचा महाराष्ट्रच पालथा घातला. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे खंडांची संख्या २२ झाली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. गावोगावच्या वाड्यांतून कागद मिळविण्याच्या या कामात शब्दाचे महत्त्व कसे असते, याचा अनुभव मलाही थोडासा आहे. एका जुन्या घरी जाऊन मी ‘ऐतिहासिक कागद आहेत काय?’ असे विचारले, तेव्हा घरच्या वृद्ध आजींनी तसले आपल्याकडे काही नसल्याचे निक्षून सांगितले. निघता निघता सहज म्हणून, ‘आजी, पणजोबांची लिहिण्याची पेटी होती म्हणतात, ती कुठे गेली हो?’ असे विचारताच त्या म्हणाल्या, ‘ती होय? ती आहे की माळ्यावर, बियाणं ठेवतो तीत.’ बियाण्याखाली सनदा होत्या. त्या घरात इतिहास हा शब्दच नांदत नव्हता. पणजोबा नांदत होते.

१९३० ते १९३४ या अल्प काळात रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ ४५ खंडांत प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील दुसराच खंड पानिपतसंबंधी पत्रांचा आहे. रियासतकारांनी प्रत्येक कागदाला क्रमांक दिला, शक्य तेथे इसवी तारीख घातली, माथ्यावर विषयाचे सार लिहिले. जमिनीच्या हक्कासाठी बांधलेले रुमाल इतिहास विचारणाऱ्याच्या शब्दांनी पुन्हा बांधण्याचे हे कार्य होते, आणि उतारवयात बरोडा सरकारची दीर्घ सेवा संपवून आलेल्या एका पुरुषाने ते मोजक्या साहाय्यकांनिशी तडीस नेले, हे स्मरून मन कृतज्ञतेने भरून येते.

दप्तराच्या या कथेला समांतर अशी कोशांची कथा आहे. १८२९ साली शास्त्रीमंडळाने रचलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ आणि १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, या दोघांनी अकारादी क्रम येथे रुजविला. वर्णक्रम ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यातील औदार्य आपल्याला दिसत नाही. वर्गरचनेत देव आधी, राजा मागाहून, वैश्य त्याच्या मागून अशी उतरंड असते. वर्णक्रमाला कूळ ठाऊक नाही. त्याच्या ठायी देवळाशेजारी देवी रोगाचा फोड आणि देशमुखाशेजारी देशोधडीला लागलेला येऊन बसतो, आणि ज्याला मुळाक्षरे येतात त्याला दुसरे काहीही माहीत नसले तरी आत येण्याचा अधिकार प्राप्त होतो. मोल्सवर्थने थॉमस कँडीच्या साहाय्याने १८५७ साली काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आले, आणि त्यांत कोकणातले, देशावरचे, कुणब्यांचे, कारागिरांचे, शिष्टजनांनी नाक मुरडावे असेही शब्द आहेत. परदेशातून आलेल्या मनुष्याला येथील बोलणारा काय म्हणतो हे समजून घ्यावयाचे होते. म्हणून त्याने बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द पवित्र मानला, आणि शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी आम्ही त्या कोशाकडे धावतो याचे कारण हेच आहे.

तथापि वर्णक्रमालाही आपली कोडी आहेत. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शोधावयाचे ते क-काराच्या आणि ज-काराच्या पोटात की ह-काराच्या नंतर, अनुस्वाराचा शब्द आधी की मागून, आणि ऱ्हस्वाचा दीर्घ धरून बसलेल्याने काय करावे, हे प्रश्न प्रत्येक कोशकाराने आपापल्या परीने सोडविले. मनुष्यांच्या नावांचा प्रश्न त्याहून बिकट. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी १८७६ साली भारतवर्षाचा प्राचीन ऐतिहासिक कोश काढला. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी १९३२, १९३७ आणि १९४६ या वर्षी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश एकट्याच्या हिमतीवर उभे केले. वाचक येतो तो ‘नाना फडणीस’ हे नाव घेऊन. त्या मुत्सद्द्याचे नाव तर बाळाजी जनार्दन भानू. ‘नानासाहेब पेशवे’ म्हणावे तर ते बाळाजी बाजीराव. ‘तात्या टोपे’ म्हणावे तर रामचंद्र पांडुरंग. ‘लोकहितवादी’ म्हणावे तर गोपाळ हरी देशमुख. येथे कोशकारांनी दोन अक्षरांचा एक शब्द योजला, आणि माझ्या मते आपल्या शास्त्रीय वाङ्मयात त्याच्याइतका विनयशील शब्द दुसरा नाही. तो शब्द म्हणजे ‘पहा’. ‘नाना फडणीस, पहा: बाळाजी जनार्दन’ एवढ्या नोंदीने कोशकार आलेल्या मनुष्याला सांगतो की, तू चुकला नाहीस, तुझे नावही खरे आहे, मी तुला पुढच्या दारापर्यंत पोहोचवितो.

डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’ने या विनयाला भव्यता दिली. भागभांडवल आणि वर्गणीदार जमवून, मराठीतून जगाचे सर्व ज्ञान मिळावे या एका ध्यासाने त्यांनी २३ विभाग पूर्ण केले. पहिले पाच प्रस्तावनाखंड सलग वाचावयाचे. त्यांत हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, विज्ञानेतिहास असे विषय विस्ताराने मांडले आहेत. सहाव्यापासून अकारादी लेख सुरू होतात, आणि लेख संपल्यावर एक स्वतंत्र सूचीखंड. संपूर्ण ज्ञानकोश लिहून झाल्यावरही त्याची सूची वेगळी करावी लागली याचे मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे: लेखाला नाव एक असते, पण त्यात शिरण्याच्या वाटा शेकडो असतात, आणि त्या वाटांवर जो शब्द घेऊन कोणी येईल तो लेखाच्या शीर्षकात असेलच असे नाही. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांनी निघाला. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’च्या दोन भागांत १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद केली. दीडशे वर्षांतील पुस्तके, कोणी कोणत्या टोपणनावाने लिहिलेली, कोणी नाव न घालताच छापलेली, ती एका मनुष्याने हुडकून, हाताळून, विषयवार लावावी, हे कार्य मंदिर बांधण्याच्या तोडीचे आहे. १९७६ साली ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून सिद्ध झाला तो याच परंपरेच्या खांद्यावर उभा राहून.

याच ध्येयाने पेटलेले दोन पुरुष युरोपात बेल्जियमच्या राजधानीत होते. पॉल ओत्ले आणि आंरी ला फोंतेन यांनी १८९५ साली ब्रुसेल्स येथे जगातील सर्व मुद्रित वाङ्मयाची पत्रिकांवर नोंद करण्यास आरंभ केला. लहान लहान पत्रिका लाकडी खणांतून रचल्या जात, आणि पुढे त्यांची संख्या दीड कोटीच्या वर गेली. पुढच्याच वर्षापासून त्यांनी अशी सोय केली की, कोठल्याही मनुष्याने टपालाने आपला विषय कळवावा, अल्प मोबदला द्यावा, आणि त्या विषयावरील पत्रिकांच्या नकला घरपोच मिळवाव्यात. १९१२ च्या सुमारास वर्षाला दीड हजारांवर पृच्छा येत होत्या, आणि एखाद्या शब्दावर ५० हून अधिक नोंदी निघतील असे दिसल्यास विचारणाऱ्याला आधी तशी सूचना देण्यात येई. म्हणजे त्या खणांपाशी बसलेला मनुष्य दूरस्थ, अनोळखी विचारणाऱ्याशी थांबून बोलत होता. शब्द फार मोठा झाला तर तो आवरून घेण्याची संधी त्याला देत होता. १९३४ साली सरकारने त्या भांडाराला कुलूप लावले, १९४० साली जर्मन सैन्याने जागा रिकामी करविली आणि कितीतरी संग्रह नष्ट झाला. जे वाचले ते आज मोन्स या गावी जतन केलेले आहे.

आपल्या वाचनालयांचा वंश त्याहून जुना. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे; ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. आरंभी त्यांच्या याद्या दाखल क्रमांकाच्या, म्हणजे रोजकीर्दीच्या जातीच्या होत्या. हळूहळू विषयवार पत्रिका झाल्या, आणि खतावणीचे युग तेथेही आले. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. त्यांत वाचकाच्या वेळेलाही मोल आहे असे आवर्जून सांगणारे एक सूत्र आहे. गणिताच्या अध्यापकाने ग्रंथालयात येऊन पहिला हिशेब मांडला तो दारात ताटकळणाऱ्या मनुष्याच्या घटकांचा.

आज यंत्राला शब्द सांगितला की क्षणार्धात सहस्रावधी पाने पुढे येतात. ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तरी ते सांभाळून घेते, मधला चरण सांगितला तरी अभंग काढून देते. कात्यायनापासून चाललेल्या वाटचालीत ही मजल सामान्य नव्हे, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु यंत्राच्या पोटात जो शब्द गेला तो कोणाचा, कशासाठी, आणि ज्याला दिले त्याला ते उपयोगी पडले काय, हे पुसणारा त्या मेजापलीकडचा मनुष्य तेवढा उरलेला नाही. आणि म्हणूनच त्या तांबड्या चोपडीतील एक नोंद मला वारंवार आठवते.

‘नांदणूक’ हा शब्द कोणा शेतकऱ्याने उच्चारला होता. ग्रंथपालांनी त्यावरून हिंदू कायद्यावरील एक पुस्तक दिले, आणि उजव्या अंगास त्याचा क्रमांक लिहिला. तेथवर नोंद दाखल-वहीत शोभावी अशीच होती. पण आठ दिवसांनी त्याच ओळीखाली, दुसऱ्या शाईने, त्यांनी आणखी लिहिले आहे: ‘परत. कायदा नको होता. मुलीच्या सासऱ्यांस पत्र घालावयाचे होते. पत्रलेखनाचे पुस्तक दिले. मायना मीच सांगितला.’ आणि त्यापुढे, पुढे येणाऱ्या कोणासाठी तरी, दोन अक्षरे: ‘नांदणूक, पहा: पत्रलेखन’. शास्त्रीय वर्गीकरणाच्या कोणत्याही पद्धतीत हे दोन विषय एकमेकांजवळ येणार नाहीत. त्या वाचनालयात मात्र त्या दिवसापासून ते शेजारी झाले, आणि पुढे ज्या कोणा बापाने तो शब्द घेऊन ते दार ठोठावले असेल, त्याला आठ दिवसांची फेरी पडली नसेल.